मदत हवी आहे: लूपमधला लूप नवशिक्यांना कसा समजवायचा?

पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा नव्याने शिकणाऱ्यांसाठी सराव तयार करतोय. इफ-एल्स (अटीप्रमाणे हे किंवा ते करणं) पटकन जमतं, गाडी अडते ती लूपवर, म्हणजे तीच कृती पुन्हा पुन्हा करून घेण्यावर. रेंज(१, १०) लिहिलं की १० पर्यंत छापेल असं वाटतं, पण ते ९ वरच थांबतं. शेवटची संख्या धरलीच जात नाही. दुसरी हमखास चूक म्हणजे 'एकूण = ०' लूपच्या आत लिहिणं. मग दर फेरीला बेरीज पुसली जाते आणि हाती फक्त शेवटचा आकडा उरतो.

यावर कागदी तक्ता खरंच उपयोगी पडतो: प्रत्येक फेरीतली 'आय' (लूपचा चालू आकडा) आणि 'एकूण' (आतापर्यंतची बेरीज) यांची किंमत आधी हाताने लिहायची, मगच प्रोग्रॅम चालवायचा. पण लूपमध्ये लूप आला की ३ × ३ लाच ९ ओळी होतात आणि मुलं कंटाळतात. आतला लूप दर वेळी पहिल्यापासून सुरू होतो हे छोट्या उदाहरणात कसं दाखवाल? नेमका सराव सुचवा, प्लीज.