चर्चा: शिशुवर्गाच्या प्रवेशाला डोळ्यांच्या तपासणीचा कागद सक्तीचा हवा का?

कावेरी
शिशुवर्गाच्या प्रवेशाला जन्मदाखला लागतो, आधार मागतात, लसीकरणाचं कार्ड लागतं. मुलाला दोन्ही डोळ्यांनी नीट दिसतं का, हे मात्र कोणी विचारत नाही. माझं म्हणणं सरळ आहे: तीन ते चार वर्षांच्या दरम्यान प्रत्येक मुलाचे डोळे एकदा तपासून घ्यावेत आणि शाळेने तो कागद लसीच्या कार्डासारखाच मागावा.

कारण आळशी डोळा. एका डोळ्याचा नंबर दुसऱ्यापेक्षा बराच जास्त असला की मेंदू त्या डोळ्याचं धूसर चित्र बाजूला टाकतो आणि चांगल्या डोळ्यावर काम भागवतो. शंभरात दोन-तीन मुलांना हे असतं. मूल धावतं, रंगवतं, जमिनीवरचा मणीसुद्धा उचलतं. ते तक्रार करणार तरी कशाची? त्याने वेगळं काही पाहिलेलंच नसतं.

आमच्या भाचीचं फॅन्सी ड्रेसमुळे कळलं. समुद्री चाचा केला होता तिला. काळी पट्टी उजव्या डोळ्यावर बांधली की ओढून काढायची, डाव्यावर बांधली की खुशाल मिरवायची. वहिनीला वाटलं हट्ट करतेय. डाव्या डोळ्याला चांगला दणदणीत प्लस नंबर (जवळचं जास्त धूसर दिसतं तो) निघाला. मग चष्मा आणि रोज दोन तास पट्टी, तीही चांगल्या डोळ्यावर. म्हणजे जिथे नको म्हणत होती तिथेच. चार वर्षांची होती म्हणून निभावलं. सात-आठ वर्षांनंतरही काही मुलांत सुधारणा होते, पण तेव्हा मेंदूला वळण लावणं जड जातं.

गच्चीवरचा
ताई, भाचीचं वेळेत कळलं हे उत्तमच. पण सक्ती आली की ठेका आला, हे लिहून ठेवा. मुलगा लहान गटात असताना त्यांच्या शाळेत एक शिबिर झालं. मशीनवर हनुवटी टेकवली, चिठ्ठी बाहेर आली: दोन्ही डोळे मायनस, म्हणजे लांबचं धूसर. शेजारच्या टेबलावर फ्रेम मांडलेल्याच होत्या. बालनेत्रतज्ज्ञांकडे नेलं, त्यांनी डोळ्यांत औषध घालून तपासलं तर मायनस गायब, उलट किंचित प्लस. ‘या वयात असाच असतो, चष्मा नको’ म्हणाल्या.

आता असा कागद दरवर्षी प्रत्येक शाळेने मागितला तर किती पोरांच्या नाकावर फुकटचे चष्मे बसतील? आणि एकदा बसला की घरात ‘याला नंबर आहे’ हे कायमचं. बरं, शाळावाले ज्या दुकानात पाठवतील तिथेच जायचं, हेही ओघाने आलंच.

नंबरवाली
मी कोल्हापुरात ऑप्टोमेट्रिस्ट आहे, म्हणजे डोळे तपासून नंबर काढते. लहान मुलं तपासण्यातच दिवस जातो, म्हणून थोडं सविस्तर.

जन्मतः डोळा पुढून मागे साधारण १७ मिलिमीटर लांब असतो. पहिल्या वर्षात तो झपाट्याने २०च्या आसपास जातो, तिसऱ्या वर्षापर्यंत २२च्या जवळ, आणि मोठ्या माणसाचा साडेतेवीस-चोवीस. डोळा एक मिलिमीटर जादा लांबला तर सुमारे अडीच-तीनचा मायनस येतो. मग सहा-सात मिलिमीटर वाढूनही सगळ्यांना जाड भिंगं का लागत नाहीत? कारण डोळा लांबतो तसतसा समोरचा पारदर्शक पडदा सपाट होत जातो आणि आतलं भिंगही आपली ताकद कमी करत जातं. लांबी आणि भिंगं एकमेकांना धरून चालतात. बाळ बहुधा दोनच्या आसपास प्लस घेऊन जन्मतं आणि शाळेत जाईपर्यंत तो हळूहळू उतरत जातो.

म्हणजे तीन-चार वर्षांच्या मुलाचा थोडासा प्लस हा दोष नव्हे, ती शिल्लक आहे. उलट सहाव्या वर्षीच ही शिल्लक पाऊणच्या खाली आली असेल तर ते मूल पुढे मायनसमध्ये जाण्याची शक्यता जास्त, म्हणून आम्ही लक्ष ठेवतो.

गच्चीवरच्या दादांच्या मुलाचं जे झालं ते आम्ही रोज बघतो. लहान मुलाचं भिंग लवचिक, मशीनच्या आतलं चित्र बघताना ते जोर लावतं आणि खोटा मायनस उमटतो. औषधाने भिंग सैल पडतं आणि खरा नंबर कळतो, म्हणूनच औषधाशिवाय काढलेल्या नंबरवर या वयात चष्मा देऊ नये. पण त्यावरून ‘तपासणीच नको’ असं कसं म्हणता? प्राथमिक चाचणीत नंबर काढायचाच नसतो, फक्त गाळणी लावायची असते. अक्षरं येत नसली तरी अडत नाही. मांडीवर घर, सफरचंद, गोल, चौकोन छापलेलं कार्ड द्यायचं, समोरून एकेक चित्र दाखवायचं, मूल बोट ठेवतं. एक डोळा नीट झाकायचा, बोटांच्या फटीतून बघू द्यायचं नाही (बघतातच!). दोन डोळ्यांत फरक दिसला, डोळा तिरळा वाटला, मोबाइलच्या फोटोत एका बाहुलीत लाल ऐवजी पांढरी चकाकी आली, तर पुढे पाठवायचं. पांढरी चकाकी दिसली तर त्याच आठवड्यात, कारण तो मोतीबिंदू असू शकतो किंवा डोळ्याचा कॅन्सरही.

आणि तीन वर्षांच्या मुलाने ६/१२ वाचलं (चांगल्या नजरेला १२ मीटरवरून दिसतं ते ६ मीटरवरून दिसलं) तरी पुष्कळ झालं. ६/६ची अपेक्षा धरून रडत येऊ नका.

मोकळं मैदान
तुम्ही सगळे मायनस मोजण्यात गुंतलाय, तो येऊच नये म्हणून काय करायचं ते कोण बोलणार? तैवानच्या यिलान जिल्ह्यात २०१४ पासून बालवाडीतल्या मुलांना रोज दोन तास बाहेर काढायला लागले. पाच-सहा वर्षांच्या मुलांतलं मायनसचं प्रमाण १५.५ टक्के होतं, ते २०१६मध्ये ८.५वर आलं. बाहेरच्या उजेडात नेत्रपटलात, म्हणजे डोळ्याच्या मागच्या पडद्यात, डोपामिन नावाचं रसायन जास्त सुटतं आणि त्याने डोळ्याची लांबण आवरली जाते, असं मानतात. वर्गात उजेड ३००-५०० लक्स (हे उजेड मोजायचं माप), बाहेर झाडाच्या सावलीतही त्याच्या कितीतरी पट. म्हणजे पोराला उन्हात भाजायची गरज नाही.

आमच्याकडे काय? प्लेग्रुप इमारतीच्या पार्किंगला जाळी मारून चालतो. सोसायटीच्या बागेत ‘चेंडू खेळण्यास मनाई’. घरी आलं की साडेतीन वर्षांच्या पोराला उभ्या रेघा, आडव्या रेघा गिरवायचा गृहपाठ, आणि जेवताना कार्टून. दोन ते पाच वर्षांच्या मुलांना दिवसाला एक तासापेक्षा जास्त स्क्रीन नको, हे भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटनाही सांगते. सक्तीच करायची तर मैदानाची करा. मैदान नाही त्या शाळेला लहान मुलांचे वर्ग चालवू देऊ नका.

वाईची आजी
आमच्या वेळी रात्री काशाच्या वाटीने तळपायाला तूप चोळायचे. साठीपर्यंत सुईत दोरा ओवला. आणि पोरं दिवसभर घाटावर.

नंबरवाली
आजी, वाटीने झोप छान लागते, जरूर चोळा. डोळ्यांचं श्रेय मात्र मी घाटाला देईन. 🙂

कावेरी
मैदानवाले, यिलानचं अर्धंच सांगितलंत. तिथे बाहेर खेळणं होतंच, पण त्याच कार्यक्रमात मुलांची दरवर्षी औषध घालून तपासणीही होती. कोणाची शिल्लक कमी आहे ते आधी कळलं, मग त्यांच्याकडे जास्त लक्ष दिलं. दुसरं, उजेडाने मायनस लांबणीवर पडेल, पण एका डोळ्याला चारचा प्लस घेऊन आलेल्या मुलाला मैदानाचा काय उपयोग? आमची भाची दिवसभर अंगणातच असायची.

आणि गंमत बघा. मुलांच्या तपासणीच्या सरकारी योजनेची, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची, सुरुवातच २०१३मध्ये आपल्या पालघरला झाली. त्यात अंगणवाडीतल्या मुलांना वर्षातून दोनदा पथक तपासतं, आणि यादीत दृष्टिदोष आहे, जन्मजात मोतीबिंदू आहे, अ जीवनसत्त्वाची कमतरताही आहे. लाखभर फी भरून खासगी नर्सरीत जाणाऱ्या मुलाकडे मात्र कोणतंही पथक फिरकत नाही.

रानवारा
अंगणवाडीच्या कामात बरीच वर्षं आहे, म्हणून लिहिते. पथक येतं, हे खरं. पण एका फेरीत वजन, उंची, दात, कान, हृदय, त्वचा सगळंच बघायचं. डोळ्यांवर टॉर्च मारून होतो, एकेक डोळा झाकून चित्रं दाखवायला वेळ कुठे?

समजा सापडलं. मग पुढे? तालुक्याला जा, तिथून जिल्ह्याला. तपासणीआधी भिंग सैल करायला तीन दिवस घरी डोळ्यांत अ‍ॅट्रोपिनचं मलम घाला, मग पुन्हा जा. आईची तेवढ्या दिवसांची मजुरी बुडते. मलमानंतर मुलाला ऊन सहन होत नाही, तेव्हा सासू म्हणते, चांगले डोळे बिघडवून आणलेस. चष्मा आला तर पहिल्या महिन्यात काडी तुटते. पट्टी तर मूल वळणावरच काढून फेकतं. आणि तिरळा डोळा भाग्याचा, असं म्हणून वर्ष-दोन वर्षं घालवणारी घरं आजही आहेत.

तुमचा सक्तीचा कागद या बाईला कुठून मिळणार? जिच्याजवळ नसेल तिचंच पोर दारातून परत जाईल. शाळांना नाही म्हणायला निमित्तच हवं असतं. माझा कागदाला विरोध आहे, तपासणीला नाही.

गच्चीवरचा
रानवाराताई नेमकं बोलल्या. मग प्रवेशाला कागद नकोच. पहिल्या सत्रात शाळेनेच तपासणी करून घ्यावी, खासगी असो की सरकारी. मांडीवर कार्ड, समोर चित्र, नंबरवालींनी सांगितलं तसं. दोन अटी: औषध घातल्याशिवाय चष्मा नाही, आणि चष्म्याच्या दुकानदाराला शाळेच्या आवारात पाऊल टाकू द्यायचं नाही.

कावेरी
दोन्ही अटी मान्य. पण ‘करून घ्यावी’ म्हणजे काय? शाळेने नाही केली तर कोण विचारणार? खासगी नर्सऱ्यांची नोंद तरी कोणाकडे असते?

मोकळं मैदान
आणि कार्ड दाखवून झालं की पोरं पुन्हा पार्किंगमध्येच ना?