भाची नववीत, बहीण-दाजी ऊसतोडीला. सहा महिने पोरीला ठेवावं कुठं?

डोंगरपट्ट्यातला मामा:
राम राम मंडळी. गाव बीड जिल्ह्यात, शिरूर कासार तालुक्यात. बहीण आणि दाजी दसरा झाला की कारखान्याला जातात, यंदा बेळगावकडं. मुकादमाची उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, श्रावणातच घेतली आणि घरावर पत्रे टाकले, म्हणजे जाणं आलंच. भाची आठवीपर्यंत गावातच राहिली. झेडपीच्या शाळेत हंगामी वसतिगृह होतं. दोन वेळचं जेवण तिथं, झोपायला आजीकडं. आजी उन्हाळ्यात वारली. आता नववी. हायस्कूल सहा किलोमीटर, आणि हंगामी वसतिगृह आठवीपर्यंतच. त्यात भाचा दीड वर्षाचा; उसाच्या फडात त्याला कुणी धरायचं? बहीण म्हणते, "येऊ दे पोरगी बरोबर, दहावीला सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसवू." मी पुण्यात वॉचमन, एका खोलीत आम्ही चौघे गडी. काही मार्ग असेल तर सांगा. फक्त "शिक्षण फुकट आहे" म्हणू नका, फीमुळं आमचं कधीच अडलं नाही.

झेडपीचा मास्तर:
सतरा नंबरच्या नादी लागू नका. नववीत फडावर गेलेली पोरगी पुन्हा बाकावर बसलेली मी क्वचितच पाहिली. बहुतेकींच्या लग्नाचीच पत्रिका येते. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना आहे, २०२१ ची. ४१ तालुक्यांत मुलांचं एक, मुलींचं एक, अशी ८२ मंजूर. तुमच्या भागात मुलींचं सुरू आहे का आणि जागा आहे का, हे बीडला समाजकल्याणमध्ये स्वतः जाऊन विचारा, फोनवर भागत नाही. त्याआधी ग्रामसेवकाकडून बहीण-दाजींचं ऊसतोड कामगाराचं ओळखपत्र काढून घ्या. एसटीचा पास मुलींना बारावीपर्यंत मोफत आहे, पण राहायला घर असेल तरच त्याचा उपयोग.

कोपीत वाढलेला:
तिसरी ते सहावी मी फडावरच काढली. आई-बाप पहाटे चारला निघायचे, मी कोपीत, म्हणजे फडावरच्या झोपडीत, बहिणीची झोळी हलवत बसायचो. गावाकडं परत यायचो तोवर परीक्षा तोंडावर. मास्तर पास करायचे, पण सातवीत गेलो तेव्हा मला भागाकार येत नव्हता. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं दाखला नसला तरी शाळेनं घ्यायलाच पाहिजे, पण तो आठवीपर्यंत. नववीला तो आधारही नाही. आणि बेळगावकडं शाळा मिळाली तरी बहुतेक कानडी.

रोखठोक:
उचल घेताच कशाला? गावात काम करा की.

डोंगरपट्ट्यातला मामा:
रोखठोक दादा, दीड एकर कोरडवाहू आहे, बोअर दिवाळीलाच आटतो. या एकदा, बघा कोणतं काम मिळतं ते.
मास्तर, काल सुट्टी टाकून बीडला जाऊन आलो. अर्ज दिलाय, यादी लागल्यावर कळेल म्हणाले. दाजी तयार आहेत. बहीण अडून बसली आहे, तिचं एकच म्हणणं: "मी मोळ्या बांधताना हे लेकरू कुठं ठेवू?" कारखान्यावर पाळणाघर असतं का? कुणी बेळगावकडं जाऊन आलेलं असेल तर सांगा. टोळीची गाडी पुढच्या सोमवारी निघते.

कोपीत वाढलेला:
आमच्या वेळी तर नव्हतं. उसाच्या सावलीला ठेवायचे.