खापरं मोजून काय मिळतं?

तापीकाठचा: पुरातत्त्व म्हणजे लेणी, मंदिरं, शिलालेख, नाणी. ज्यावर नाव-साल आहे ते वाचायचं आणि इतिहास लिहायचा. हे विद्यापीठवाले खड्डे घेऊन खापरं मोजतात, हाडं धुतात, अहवाल यायला पिढी जाते. चाळीसगावजवळच्या पाटणादेवीच्या एका शिलालेखाने जे सांगितलं ते दहा टोपल्या खापरं सांगतील का?

गिरणाथडी: भाऊ, राहवलं नाही म्हणून लांबलचक लिहितोय. पाटणादेवीचा लेख मोठाच, शके 1128 चा, चांगदेवाने आजोबांचे म्हणजे भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला त्याचा, कोण नाही म्हणतंय. पण तिथल्याच पाटणे गावात पुरातत्त्वज्ञ सालींनी उत्खनन केलं तेव्हा शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचा तुकडा निघाला, वर आडव्यातिरप्या रेघा कोरलेल्या, आणि त्याच कवचाचे मणी. रेडिओकार्बनने, म्हणजे त्यातल्या कार्बनवरून काढलेलं वय, साधारण 25,000 वर्षं. त्यावर कुठल्या राजाचं नाव वाचणार? लिहिणं आपल्याकडे आलं कालपरवा, त्याआधीची सगळी माणसं तुम्ही एका वाक्यात बाद केली. आणि स्वतःला तापीकाठचे म्हणवता, तर तुमच्याच काठच्या सावळदा गावच्या खापरांवरून एका अख्ख्या ताम्रपाषाण (तांब्याची आणि दगडाची हत्यारं वापरणाऱ्या) संस्कृतीला नाव मिळालंय.

तापीकाठचा: सावळदा मला शिकवू नका. तापीवरच्या प्रकाशा गावी 1955 ला पुरातत्त्वज्ञ थापरांनी खणलं त्याच्या गोष्टी घरात ऐकत मोठा झालो. आमच्या शाळेत मात्र कधी कुणी एक खापर आणून दाखवलं नाही, मग लोकांना त्याचं का पडलेलं असावं?

रानमोगरा: शाळेबद्दल बोललात ते पटलं, बाकी नाही. मी उत्खननावर काम केलंय. चुलीतली राख बादलीभर पाण्यात ढवळली की जळके दाणे वर तरंगतात, ते बारीक चाळणीवर धरायचे, सावलीत वाळवायचे, मग भिंगाखाली जव कुठला, मसूर कुठला ते निवडायचं. मान मोडते. पण लोक काय पेरत होते, काय खात होते हे एकाही ताम्रपटात मिळत नाही. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावला ताम्रपाषाण काळातल्या घराच्या जमिनीखाली दोन रांजण तोंडाला तोंड लावून त्यात लहान लेकरं पुरलेली सापडली. त्या आयांबद्दल कुठल्या शिलालेखात लिहिलंय ते दाखवा.

केळीबाग: तुमचं शास्त्र मोठं असेल ताई, पण माझा राग वेगळा आहे. गावाबाहेरची पांढरीची, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडाची माती आमचे आजे-पणजे शेतात टाकत आलेत, खत म्हणून. खापरं निघायची, बांधावर फेकायचो. आता कुणीही येतं आणि शेतकऱ्याने वारसा नासवला म्हणतं. माझ्या काकांना विहीर खोदताना तांब्याची भांडी सापडली, त्यांनी इमानदारीने जमा केली. पावती नाही, पत्र नाही, वर गावभर चर्चा की यांना धन सापडलं. पुढच्या वेळी कोण जमा करेल?

गिरणाथडी: काकांसोबत झालं ते वाईटच. पण पांढर उकरणं थांबलंच पाहिजे. तिथे थरावर थर असतात, खालचा जुना, वरचा नवा, एकदा कालवले की संपलं.

केळीबाग: थांबलंच पाहिजे म्हणे! युरियाचं पोतं तुम्ही आणून देणार का? शहरात बसून हुकूम सोडायचे.

गिरणाथडी: पाचोऱ्यात राहतो, घरी कोरडवाहू शेती आहे. शहराचं सोडा. टोपलीने माती नेली तेव्हा टेकाड टिकलं, आता वीटभट्टीवाल्याचा जेसीबी आठवड्यात साफ करतो, आणि आडोसा मात्र शेतकऱ्याच्या नावाचा घेतो.

तापीकाठचा: विषय कुठे नेला राव. वस्तू मिळाल्याशी मतलब, जेसीबीने निघो की ब्रशने.

रानमोगरा: नाही ना! अहमदनगर जिल्ह्यातल्या दायमाबाद या ताम्रपाषाण वस्तीचंच घ्या. 1974 ला एका भिल्ल शेतकऱ्याला झाडाची मुळं खणताना काशाचा रथ, हत्ती, गेंडा, म्हैस सापडली. अप्रतिम काम. पण उत्खननात, थरात सापडली नाहीत म्हणून त्यांच्या काळावर जाणकारांत वाद झाला. तुम्हाला नाव-साल पाहिजे ना, ते साल थरातूनच मिळतं. शेजारचं खापर, कोळसा, मातीचा रंग, हे नोंदवलं नाही तर सोन्याची मूर्ती पण मुकी.

तापीकाठचा: बरं, थराचं मान्य. एवढंच. अहवाल वेळेत छापत नाहीत हे माझं म्हणणं कायम आहे, त्यावर तुमच्यापैकी कुणी बोललं नाही.

रानमोगरा: त्यावर भांडणच नाही. खणून अहवाल न छापणं म्हणजे नासाडीच, खणलेला थर परत भरता येत नाही. हे आमच्याच लोकांना मी तोंडावर सांगितलंय.

केळीबाग: काकांच्या पावतीचं राहिलंच. 1878 च्या निखात निधी (जमिनीत पुरलेलं धन) कायद्यात दहा रुपयांवरचं काही सापडलं की कलेक्टरला कळवा म्हणतात, कळवणाऱ्याला काय मिळालं ते आमच्या घरी येऊन बघा. तरी एक सांगतो, आमच्या पांढरीवर परवापासून भट्टीवाल्याचं मशीन उभं आहे. गिरणाथडी, तुम्ही येत असाल तर मी रस्ता अडवतो. पण ग्रामसभेत तुम्ही बोलायचं, मला तिथे रोज राहायचंय.

गिरणाथडी: रविवारी येतो. सातबाऱ्याचा उतारा काढून ठेवा, जमीन गावठाणात आहे की मालकीची ते आधी बघू.