चांदोदला मोटरबोट चालवणारा प्यायलेला निघाला तर कोणतं कलम लागतं?

दांडियाबाजारकर
आमच्या मंडळाचे 36 जण पौर्णिमेला गुजरातेत नर्मदेकाठी चांदोदला जाणार आहेत. दर्शन झालं की मोटरबोटींनी संगमापर्यंत. बरोबर म्हातारी माणसं आणि नऊ मुलं. नावाडी प्यायलेला वाटला तर आपल्या हातात काय आहे? गाडीला 100 मिलीलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम दारूची मर्यादा असते, तशी बोटीला आहे का? मंडळात एक जण म्हणतात, "गुजरातेत दारूबंदीच आहे, आणखी कायदा कशाला?" शिक्षा नेमकी किती ते जाणकारांनी सांगावं.

कोर्टरोड
ती 30 मिलिग्रॅमची मर्यादा मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 मधली आहे. तो कायदा रस्त्यावरच्या वाहनांचा, बोट त्यात बसत नाही. त्यामुळे त्या कायद्यातलं 10,000 रुपये दंडाचं कलम नावाड्याला लावता येत नाही. पोलीस गाडीवाल्याला जागच्या जागी फुंकायला लावतात, तो अधिकारही त्याच कायद्यातून येतो.

बोटीला लागते ती भारतीय न्याय संहिता. कलम 282 : माणसाच्या जिवाला धोका होईल अशा बेदरकारपणे किंवा निष्काळजीपणे बोट चालवणं. सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा 10,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. या कलमात दारूचा शब्दही नाही. म्हणजे "तो प्यायला होता" एवढं सांगून भागत नाही, बोट कशी चालवली ते दाखवावं लागतं. दारू हा त्यातला पुरावा. कलम 284 वेगळं : भाडं घेऊन असुरक्षित किंवा जास्त माणसं भरलेल्या बोटीतून नेणं. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 पर्यंत दंड किंवा दोन्ही. कोणी दगावलं तर कलम 106, पाच वर्षांपर्यंत कैद आणि दंड. धोक्याची जाणीव असूनही केलं असं दिसलं तर सदोष मनुष्यवधाचं कलम 105 लागतं आणि प्रकरण फार वर जातं.

आणि "शुद्धीत नव्हतो" हा बचाव चालत नाही. स्वतःहून प्यायलेल्याला कलम 23 आणि 24 सूट देत नाहीत.

दांडियाबाजारकर
मग दारूबंदीचं काय? आणि कोणाकडे दारू पिण्याचं परमिट असेल तर?

कोर्टरोड
दारूबंदी कायद्याचं कलम 66 पिण्याबद्दल आहे, चालवण्याबद्दल नाही. दोन्ही गुन्हे वेगवेगळे नोंदवता येतात, आणि तक्रार देताना दोन्ही सांगा. नुसती दारूबंदीची नोंद झाली तर बोटीवरच्या माणसांचा जीव धोक्यात घातला हा मुख्य मुद्दा कागदावर येतच नाही. परमिट असलं तर पिण्याच्या आरोपातून सुटका होऊ शकते, 282 मधून नाही.

लॅबवाली
अशा केसेस रक्ताच्या नमुन्यावर तरतात नाहीतर बुडतात, म्हणून सविस्तर लिहिते. तोंडाला वास, तोल जाणं, जड जीभ, विस्फारलेल्या बाहुल्या : एवढ्यावर दारू प्यायल्याचं सिद्ध होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 1971 मध्येच सांगितलंय. रक्त हवंच. दारूबंदी कायद्याच्या कलम 129-अ प्रमाणे पोलीस संशयिताला डॉक्टरकडे पाठवू शकतात. रक्तात 0.05 टक्के किंवा जास्त, म्हणजे 100 मिलीलिटरला 50 मिलिग्रॅम सापडलं, तर "मी दारूचा अंश असलेलं औषधच घेतलं होतं" हे सिद्ध करणं आरोपीवर येतं.

दारूबंदी कायद्याखालच्या रक्ततपासणीच्या 1959 च्या नियमांप्रमाणे किमान 5 सीसी रक्त घ्यायचं. सुई टोचायची जागा निर्जंतुक केलेल्या पाण्याने पुसायची, स्पिरिटचा बोळा अजिबात नाही. कुपीत रक्त गोठू न देणारं आणि टिकवणारं औषध असतं, ते मिसळण्यासाठी कुपी जोरात हलवायची. मग सील, आणि सात दिवसांत तपासणीला रवाना. सवयीने स्पिरिट लावलं की वकील तेवढंच धरून बसतो.

वेळही महत्त्वाची. रक्तातली दारू तासाला साधारण 15 मिलिग्रॅमने उतरते. 11 वाजता 80 असेल तर 2 वाजता 35 उरते, 50 च्या खाली. बोट किनाऱ्याला लागली त्याच मिनिटाला 112 लावा. घाटावर वाद घालण्यात दोन तास घालवू नका.

ओरसंगकाठ
कलमं नंतर कामाला येतात. चढण्याआधी नावाड्याचे हात बघा. शुद्धीतला नावाडी आधी दोर सोडून गुंडाळून आत ठेवतो आणि मग इंजिन सुरू करतो. प्यायलेला दोर पाण्यात लोंबत ठेवून इंजिन ओढतो. दोर पंख्यात गुंतला की पिन तुटते आणि बोट प्रवाहाबरोबर आडवी होते. नर्मदेत हे फार वाईट, कारण वर केवडियाच्या धरणातून पाणी सोडलं की ओढ बदलते. इंजिनाच्या बटणाची लाल वळणदार दोरी मनगटाला अडकवलेली आहे का, तेही पाहा. ती असली तर चालवणारा पडला की इंजिन बंद पडतं.

लाइफ जॅकेट नऊच्या नऊ मुलांच्या मापाचं हवं. पट्टे लावून खांद्याला धरून वर ओढा. हनुवटीच्या वर सरकलं तर ते मोठं आहे, पाण्यात डोक्यावरून निघून जाईल.

18 जानेवारी 2024 ला वडोदऱ्यात हरणीच्या मोटनाथ तलावात बोट उलटून 12 मुलं आणि 2 शिक्षिका दगावल्या. तिथला मुद्दा क्षमतेपेक्षा जास्त माणसं भरल्याचा होता, दारूचा नव्हता. म्हणून नावाडी शुद्धीत आहे एवढ्यावर निश्चिंत होऊ नका, माणसंही मोजा. क्षमता विचारा आणि 36 जणांना तेवढ्या खेपांत वाटा.

संशय आला तर पैसे द्यायच्या आधी उतरा. बोटीचा नंबर, वेळ, माणसांची संख्या, आणि काठावरून चालणारी बोट दिसेल असा व्हिडिओ. दोन साक्षीदारांचे फोन नंबर लिहून घ्या.

दांडियाबाजारकर
आभार. 36 जणांच्या चार खेपा करतो, आणि मुलांसाठी लहान मापाची जॅकेटं इथूनच बरोबर नेतो.