मदत हवी आहे: वॉकर, फुलर, टकर या इंग्रजी आडनावांसाठी जुन्या करयाद्या

इंग्लंडमधल्या व्यवसायावरून पडलेल्या आडनावांवर लेख लिहितेय. वॉकर, फुलर आणि टकर तिन्ही एकाच धंद्यातली: विणलेलं लोकरी कापड ओल्या मातीत, पाण्यात पायांनी तुडवून घट्ट करणाऱ्यांची. (मुलतानी मातीला इंग्रजीत 'फुलर्स अर्थ' म्हणतात, ते यावरूनच. हे कळल्यापासून विषय सोडवतच नाही!) वॉकर मुख्यतः उत्तरेकडचं, फुलर आग्नेयेकडचं, टकर डेव्हन-सॉमरसेटकडचं. आज वॉकर इंग्लंडच्या सर्वाधिक आढळणाऱ्या आडनावांत आहे, बाकीची दोन बरीच मागे.

१८८१ च्या जनगणनेवरचे नकाशे पाहिले. पण तोवर गिरण्यांमुळे माणसं गावं सोडून शहरांत आली होती, त्यामुळे मूळ सीमा पुसट दिसतात. चर्चच्या नोंदी १५३८ पासूनच्या, तोवर आडनावं बहुतेक रुळलेली. म्हणून मला १३७७ ते १३८१ च्या डोईपट्टीच्या (माणशी वसूल केलेल्या कराच्या) याद्या हव्यात. त्यांत नावापुढे कुठेकुठे धंदाही लिहिलेला असतो.

वंशावळ किंवा डीएनए चाचणी नको, कुलचिन्हं विकणाऱ्या साइट्सही नकोत. सशुल्क सदस्यत्व परवडणार नाही, आणि या याद्यांची मूळ भाषा लॅटिन मला येत नाही.

या याद्या काउंटीनुसार, घरबसल्या मोफत आणि आडनावाने शोधता येतील अशा कुठे मिळतील? निदान यॉर्कशायर आणि डेव्हनच्या तरी?