विषय: फूटपाथवर पडल्यास शहराकडून भरपाई मिळते का?

नमस्कार मंडळी,
उन्हाळ्यात बऱ्याच जणांचे आईबाबा इकडे येतात, सकाळ-संध्याकाळ फिरायला बाहेर पडतात. उखडलेल्या फूटपाथवर किंवा क्रॉसवॉकमधल्या खड्ड्यात पडून कुणाचं हाड मोडलं, तर न्यूयॉर्क शहराकडून भरपाई मागता येते का? की सरकारशी कोण भांडणार म्हणून गप्प बसायचं?

---

ताई,
गप्प अजिबात बसू नका. आधी पडलेली जागा कोणाची ते बघा. २००३ पासून बहुतेक ठिकाणी फूटपाथची जबाबदारी लगतच्या इमारतीच्या मालकावर आहे. मालक स्वतः राहतो अशी एक ते तीन कुटुंबांची घरं त्यातून वगळलीत. तिथे, आणि क्रॉसवॉक किंवा झाडाच्या आळ्यात पडल्यास, दावा शहरावर.

मग 'नोटीस ऑफ क्लेम', म्हणजे शहरावर दावा करत असल्याची लेखी नोटीस, पडल्यापासून ९० दिवसांच्या आत कंप्ट्रोलरच्या (शहराच्या मुख्य हिशेब-अधिकाऱ्याच्या) कार्यालयात गेलीच पाहिजे. प्लास्टर निघू दे, फिजिओथेरपी संपू दे, असं म्हणत माणसं थांबतात आणि हक्काचा दावा हातचा जातो. फार वाईट वाटतं. खटल्याची मुदत वेगळी, १ वर्ष ९० दिवस.

खरी मेख लेखी पूर्वसूचनेत आहे. त्या खड्ड्याची लेखी तक्रार शहराकडे आधीच पोचली होती आणि १५ दिवसांत दुरुस्ती झाली नाही, हे दाखवावं लागतं. शहरानेच काम करताना धोका निर्माण केला असेल तर गोष्ट वेगळी.

फोटो त्याच दिवशी काढा. वर डांबर पडलं की पुरावा गेला. खड्ड्यात फूटपट्टी उभी धरून एक जवळून, आणि समोरच्या घराचा नंबर दिसेल असा एक लांबून. नोटिशीत "अमुक चौकाजवळ" एवढं लिहून भागत नाही.

---

दादा, खूप आभार. शहराच्या ॲपवर केलेली खड्ड्याची तक्रार लेखी धरतात का? आणि व्हिजिटर व्हिसावर असलेल्यांचं काय?

---

व्हिसाची अडचण नाही, त्यांनाही दावा करता येतो. ॲपबद्दल: डिसेंबर २०२४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ऑल्बनी शहराच्या खटल्यात ऑनलाइन तक्रार लेखी सूचना ठरू शकते असा निकाल दिला. म्हणून खड्डा दिसला की फोनवर सांगून मोकळं होऊ नका, लिहून नोंदवा. पुढे तिथे पडणाऱ्या अनोळखी माणसाचा दावा त्या चार ओळींवर उभा राहू शकतो.

आणि प्रश्न फक्त खड्ड्यांचा नाही. ब्रुकलिनच्या गेरिट्सन ॲव्हेन्यूवर गाड्या सुसाट जातात हे माहीत असूनही शहराने वेग कमी करण्याच्या उपायांचा नीट अभ्यास केला नाही. तिथे एक मुलगा गाडीखाली येऊन जबर जखमी झाला. त्यात ज्यूरीने शहराला ४० टक्के जबाबदार धरलं आणि २०१६ मध्ये त्याच सर्वोच्च न्यायालयाने ते कायम ठेवलं. तुमच्या रस्त्यावर गाड्या अशाच धावत असतील तर शेजाऱ्यांच्या सह्यांचं पत्र परिवहन विभागाला आजच पाठवा.