नानांचे फंडातले पैसे आत्ता काढावेत का? सल्ला हवा आहे

नमस्कार मंडळी,

ट्रम्प यांनी भारतावर २६ टक्के आयातशुल्क जाहीर केलं, चीननं उलट अमेरिकेच्या मालावर ३४ टक्के लावलं आणि काल, ७ एप्रिल २०२५ ला, शेअर बाजाराचा निर्देशांक सेन्सेक्स २,२२७ अंकांनी आपटला. आज हजारभर अंक परत आले, तरी आमच्या घरात कुणाचा जीव थाऱ्यावर नाही.

माझे वडील, म्हणजे नाना, ६७ वर्षांचे, निवृत्त शिक्षक. गेल्या सप्टेंबरात, म्हणजे निफ्टी (बाजाराचा दुसरा निर्देशांक) २६ हजारांच्या वर असताना, बँकेतल्या एका माणसाच्या सांगण्यावरून त्यांनी १२ लाख एकरकमी इक्विटी फंडात (शेअर्समध्ये गुंतवणाऱ्या म्युच्युअल फंडात) टाकले. आज ते दहा लाखांच्याही खाली आहेत. नाना रोज रात्री जुन्या हजेरीच्या वहीत एनएव्ही (फंडाच्या एका युनिटची किंमत) लिहून ठेवतात. काल आकडा लिहिला आणि पेन तसंच हातात धरून बराच वेळ बसले. मला ते बघवलं नाही.

पेन्शनवर घर चालतं, १० लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ८.२ टक्क्यांनी आहेत. पण दिवाळीनंतर आईच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन करायचंय. त्याचे पाच-सहा लाख याच फंडातून काढायचे ठरलं होतं.

बाजार वर येतो हे मला पटतं. प्रश्न किती दिवसांत येतो हा आहे. मार्च २०२० मध्ये सेन्सेक्स २६ हजारांखाली गेला आणि नोव्हेंबरात आधीचा उच्चांक ओलांडून पुढेही गेला. २००८ ला मात्र जानेवारीतल्या २१ हजारांवर परत पोचायला २०१० ची दिवाळी उजाडली. कोविडच्या वेळी सगळ्या सरकारांनी पैसा ओतला होता, इथे तर सरकारांचंच भांडण आहे. त्यात परदेशी गुंतवणूक संस्था ऑक्टोबरपासूनच आपल्याकडे शेअर्स विकतायत. म्हणून मला २००८ ची जास्त धास्ती वाटते. माझं काही चुकतंय का?

ऑपरेशनपुरते सहा लाख आत्ताच तोटा सोसून काढावेत की दर महिन्याला थोडे थोडे? वर्ष झालेलं नाही, त्यामुळे एक टक्का एक्झिट लोडही (लवकर पैसे काढल्याचं शुल्क) जाईल. उरलेले तसेच ठेवावेत असं मला वाटतं, पण नाना म्हणतात, "सगळं काढ आणि एफडीत टाक."

२००८ मध्ये ज्यांच्या घरात निवृत्तीचे पैसे असे अडकले होते, त्यांनी तेव्हा काय केलं ते कृपया सांगा. नानांना वाचून दाखवणार आहे.